पैसे नाहीत, हे मुलांना सांगताना

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्या विषयावर तुमची मुलंच मला चार गोष्टी शिकवतील. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सहा-सात मैत्रिणी गप्पा मारत बसलो होतो. नवरे, सासवा, गुडघेदुखी असं सगळं बोलून झालं आणि गाडी एका प्रश्नावर येऊन थांबली ती रात्री एकपर्यंत हललीच नाही. मुलांना कोणता क्लास लावायचा, कोणता खेळ द्यायचा आणि त्याला पैसे कुठून आणायचे? म्हणून आज त्याच विषयावर बोलते. कालच्या मैत्रिणींनी परवानगी दिली आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. पुण्यात आयटीत आहे म्हणजे हिला कसली आलीय चणचण, असं तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत मलाही तसंच वाटायचं. त्या महिन्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि दुसरी मिळायला चौदा महिने लागले. घराचा हप्ता, सासऱ्यांची औषधं, दोन मुलांची शाळा आणि पगार एक.

तेव्हा माझी लेक सातवीत होती आणि तीन वर्षं बॅडमिंटन खेळत होती. धाकटा तिसरीत होता. त्याला अबॅकस, कीबोर्ड, फुटबॉल आणि चित्रकला असे चार क्लास होते. पहिल्यांदाच वही घेऊन हिशेबाला बसले. नोकरीत आम्ही एखादी यंत्रणा घेताना नुसती किंमत बघत नाही, ती पुढे चालवायला काय खर्च येईल तेही मांडतो. घरी मात्र मी तीन वर्षं फक्त फी बघत होते.

लेकीच्या बॅडमिंटनची फी महिना ३,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ४२,००० रुपये. बूट दर सहा-आठ महिन्यांनी लहान होत होते, त्याचे ६,००० रुपये. रॅकेट आणि गटिंग ७,०००. पिसांची शटल ९,०००. स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास आणि राहणं १५,०००. नेण्या-आणण्याचं पेट्रोल ११,०००. एकूण ९०,००० रुपये. फी निम्म्याहूनही कमी होती! आणि माझ्या शनिवार-रविवारची किंमत मी यात धरलेलीच नाही.

मी घाबरले. घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. कुणाला न सांगता बॅडमिंटन बंद केलं. लेकीला म्हटलं, "सातवीचा अभ्यास वाढलाय, थोडे दिवस राहू दे." क्लासच्या सरांना सांगितलं, "तिला आता वेळ होत नाही." दोन वाक्यं आणि दोन्ही खोटी. मुलांपर्यंत पैशाची काळजी पोहोचू नये, बाबांकडे कुणी वेगळ्या नजरेनं बघू नये, असं मला वाटत होतं. त्यात माझीही लाज होतीच. इंजिनिअर बाई आणि फी भरायला पैसे नाहीत, हे सरांसमोर तोंडातून निघेना.

लेक काही बोलली नाही. रॅकेट कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवून दिली. मला वाटलं, शहाणी आहे, समजून घेतलं तिनं.

संक्रांतीला माझी आई आमच्याकडे आली होती. तिळाचे लाडू वळता वळता लेक तिला म्हणाली, "आजी, सर म्हणायचे माझे पाय हळू पडतात. म्हणून आईनं मला काढलं. उगाच पैसे कशाला घालवायचे?" मी दारातच उभी होते. चार महिने ती हे मनात घेऊन फिरत होती. मी कारण दिलं नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच एक शोधलं होतं आणि ते माझ्या कारणापेक्षा किती तरी वाईट होतं.

त्या रात्री आईनं मला एवढंच विचारलं, "तुझी पेटी आठवते का गं?"

पेटीची गोष्ट सांगते. मीही तेव्हा सातवीतच होते. बाबा एसटीत कंडक्टर, आई पापड-कुरडया करून द्यायची. मला पेटी शिकायची होती आणि क्लासची फी होती महिना चाळीस रुपये. आईनं फडताळातला डबा काढला, आम्हा दोघा भावंडांसमोर पैसे ओतले आणि मोजले. हे किराण्याचे, हे दुधाचे, हे दादाच्या इंग्रजीच्या शिकवणीचे. "आता सांग, पेटीचे चाळीस कुठून काढू?" मी ढसाढसा रडले. दादाला शिकवणी आणि मला पेटी नाही, याचा राग तर अजूनही थोडा शिल्लक आहे. पण मला सूर नाही, मी त्या लायकीची नाही, असं मला एकदाही वाटलं नाही. पैसे नव्हते, बस्स. मी स्वतःच डोळ्यांनी मोजलेले बघितले होते.

चौथी शिकलेल्या माझ्या आईला जे जमलं ते अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मला जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर बसलो. कागदावर पगार लिहिला, हप्ता लिहिला, औषधं, शाळा, किराणा सगळं लिहिलं. दोघांच्या खेळ आणि क्लाससाठी मिळून महिन्याला ४,५०० रुपये उरत होते. लेकीला सांगितलं, "तुझे पाय हळू पडतात म्हणून नाही, बाबांची नोकरी गेली म्हणून थांबवलं. तुला खरं सांगितलं नाही, ही माझी चूक." ती खूप रडली आणि नंतर मुकाट्यानं पेन्सिल घेऊन बेरीज तपासायला लागली.

धाकटा तर म्हणाला, "अबॅकस आणि कीबोर्ड बंद केलं तरी चालेल. मला ते आवडतच नाही. तुला आवडतं म्हणून मी जातो." अबॅकसचं ठीक आहे, पण कीबोर्ड? मित्रांनो, माझी तीस वर्षांपूर्वीची पेटी मी त्या पोराच्या गळ्यात बांधली होती आणि वर त्याची फीही भरत होते.

मग मी धीर करून बॅडमिंटनच्या सरांकडे गेले आणि खरं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे सप्टेंबरमध्येच सांगायचं ना. सकाळच्या बॅचला लहान मुलांना शटल टाकायला मला कुणीतरी हवंच होतं. अर्ध्या फीत जमवलं असतं." तर लेक १,७५० रुपयांत पुन्हा खेळायला लागली, सकाळी सहाला, सायकलवर. धाकट्याची ८०० रुपयांची चित्रकला राहिली आणि फुटबॉल सोसायटीच्या मैदानावर फुकट. उरलेले १,९५० रुपये दर महिन्याला एका डब्यात जाऊ लागले, बूट आणि गटिंगसाठी. डबा मी मुद्दाम स्टीलचाच घेतला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तेरा वर्षांखालील गटातलं लेकीचं ते शेवटचं वर्ष होतं. तिची जिल्ह्याची निवड चाचणी त्या चार महिन्यांत होऊन गेली. ती निवडली गेली असती की नाही, मला माहीत नाही. पण उतरण्याची संधी हुकली ती माझ्या गप्प बसण्यामुळे, पैशामुळे नाही. पैशावर तर सरांकडे तोड होती.

आता ज्यांच्यासमोर हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी, आमच्या घरात तेव्हापासून पाळतो त्या चार गोष्टी सांगते.

पहिली, नुसती फी न बघता वर्षाचा पूर्ण खर्च मांडा. कपडे, साहित्य, प्रवास, परीक्षेची फी आणि गॅदरिंगच्या पोशाखाचं भाडं, सगळं. कथक असो, कराटे असो, तबला असो, आत शिरल्यावर कळणारा खर्च आधीच विचारून घ्या. जुन्या पालकांना विचारलंत तर ते खरं सांगतात.

दुसरी, सुरुवातीला वर्षाची फी एकदम भरू नका. समजा वर्षाची फी ४२,००० आहे आणि एकदम भरली तर दहा टक्के सूट, म्हणजे ३७,८००. पोरानं चौथ्या महिन्यानंतर सोडलं तर? महिन्या-महिन्यानं भरले असते तर १४,००० गेले असते. ४,२०० वाचवायला जाऊन २३,८०० बुडाले. तीन महिने महिन्याची फी भरायची, रॅकेट नाहीतर तबला उसना आणायचा आणि मूल न सांगता तयार होतंय का, ते बघायचं.

तिसरी, एका मुलाला एका वेळी पैसे देऊन एकच क्लास. बाकी जे फुकट मिळेल ते हवं तितकं. दोन मुलांवर सारखेच पैसे खर्च व्हायला पाहिजेत असंही नाही. एकाला चित्रकलेला वही आणि रंग पुरतात, दुसरीला बूटच हजारांचे लागतात. पण हे दोघांसमोर बोलून ठरलेलं असावं, नाहीतर त्यांच्या मनात माझ्यासारखी तीस वर्षांची पेटी राहते. आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुण मिळतात, तेवढ्यासाठी ब्रश हातात देऊ नका. गुण मिळाले की ब्रश सुटतो.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. पैसे नसतील तर तसं सांगा. मुलाला सांगा आणि शिकवणाऱ्यालाही सांगा. काळजी मुलांच्या अंगावर टाका असं मी म्हणत नाही. कागदावरचा आकडा त्यांना कळतो आणि झेपतोही. आपलं गप्प बसणं त्यांना झेपत नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांसाठी. पेटी मिळाली नाही, पण मला या शाळेत खो-खो मिळाला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आपले पी.टी.चे सर मैदान आखायचे, दोन खांब रोवायचे आणि अंधार पडेपर्यंत आम्हाला पळवायचे. गुडघे फुटले की माती लावायचो. खिशातून गूळ-शेंगदाणे निघायचे ते सरांच्याच. फी शून्य. मला वाटायचं, हे फुकट आहे. आज हिशेब कळतो, तेव्हा लक्षात येतं की ते फुकट नव्हतं. आमच्या वाट्याचं सर भरत होते, रोजचे दोन तास, आणि त्यांची स्वतःची मुलं घरी वाट बघत होती. सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून हे सगळ्यांदेखत सांगते.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतानं महिलांचा आणि पुरुषांचा, दोन्ही चषक जिंकले आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. हा खेळ दोन खांब आणि मोकळ्या मैदानावर उभा राहतो. आपल्या कृष्णाकाठच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला लोकांकडून पैसे उभे करावे लागले होते, हे आपल्याला याच शाळेत सांगितलं गेलं. एका घराला न झेपणारं काम गाव उचलतं.

काल संध्याकाळी मी मैदानावर जाऊन आले. पाच वाजता फाटकाला कुलूप लागलेलं होतं. शिपाईमामांनी सांगितलं की शिकवायला कुणी नाही, मग उघडं ठेवून काय करायचं? आणि बाहेर, रस्त्याच्या कडेला, चार पोरं विटांचे स्टंप लावून खेळत होती.

दुपारच्या बैठकीत उरलेल्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधायचा प्रस्ताव आहे. कमान सुंदर दिसेल आणि तिच्यावर आपल्या तुकडीचं नावही येईल. माझा दुसरा प्रस्ताव आहे. संध्याकाळी दोन तास येणारा एक प्रशिक्षक, महिना ८,००० रुपये, वर्षाचे दहा महिने, म्हणजे ८०,०००. खांब, चेंडू, जाळी, मल्लखांबाचं एरंडेल तेल आणि दिवाबत्ती यासाठी २०,०००. वर्षाला एक लाख. आज आपण ११० जणांनी नोंदणी केली आहे. प्रत्येकी वर्षाला हजार रुपये दिले तर उरलेल्या निधीला हातही लावावा लागणार नाही.

या गावात आजही एखादी आई फडताळातला डबा ओतून पैसे मोजत असेल. तिच्या मुलीला ती खरंच सांगेल, की क्लासला पैसे नाहीत. त्या मुलीला संध्याकाळी पाच वाजता फाटक उघडं मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.

बैठक तीन वाजता आहे. माझे पहिले हजार रुपये मी सकाळीच खजिनदारांकडे दिले आहेत. पावती माझ्या पर्समध्ये आहे, आणि ती कमानीची नाही.