चौथ्या दिवशी टाकून देऊ नका!

आज बोलायचंय घरच्या खमिराबद्दल. नुसतं पीठ आणि पाणी आंबवून तयार होणारं, पाव फुगवणारं हे खमीर. शहरातल्या बेकरीत त्याला सावरडो स्टार्टर म्हणतात. नाव नवं वाटलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. विरजण, आंबील, इडलीचं पीठ, सगळी एकाच घराण्यातली. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवायचे, तेही असंच.

आमच्या गटाने पाव करायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण यीस्टची आली. ते आणायला तालुक्याला जायचं आणि फोडलेलं पाकीट पावसाळ्यात दमट होऊन निकामी व्हायचं. म्हणून मी घरीच खमीर लावलं. दुसऱ्या दिवशी ते असं फसफसलं की मी शेजारणींना बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी थंड. चौथ्या दिवशी एक बुडबुडा नाही, वर घाणेरडा वास. सासूबाई म्हणाल्या, "नासवलंस ना पीठ?" मी निमूटपणे उचललं आणि उकिरड्यावर ओतलं. चूक तिथेच झाली. ते मेलं नव्हतं.

असं का होतं ते सांगते. गव्हाच्या कोंड्यावर मुळातच नाना तऱ्हेचे जिवाणू आणि यीस्ट असतात. पाणी लागलं की आधी उतावळे जिवाणू वाढतात आणि वायू सोडतात. दुसऱ्या दिवशीची धमाल त्यांची. पण पीठ आंबट व्हायला लागलं की त्यांना ते सोसत नाही, ते मागे पडतात. मग दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद आणि यीस्ट, ज्यांना आंबटपणा चालतो, ते हळूहळू जोर धरतात. मधले एक-दोन दिवस सगळं शांत दिसतं. नेमकं तेव्हाच आपण धीर सोडतो.

आता कृती. चक्कीवर दळलेलं, कोंड्यासकट गव्हाचं पीठ घ्या. मैद्यात कोंडा नसतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो. गटाचा वजनकाटा असेल तर 20 ग्रॅम पीठ आणि 20 ग्रॅम पाणी. काटा नसेल तर दोन चमचे पिठाला एक चमचा पाणी, लागलंच तर थोडं वर. भज्याच्या पिठाएवढं दाट हवं. मीठ, साखर काही नको. पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असेल तर ते उकळून गार करून घ्या, कारण ती पावडर जिवाणूंना मारण्यासाठीच असते. हे सगळं स्वच्छ काचेच्या बरणीत कालवा. झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर वायू कोंडतो. पिठाच्या उंचीवर बाहेरून रबर अडकवा, म्हणजे किती वर आलं ते कळतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज ठरल्या वेळी बरणीत 20 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, जुनं ठेवायचं आणि बाकीचं काढायचं. त्यात पुन्हा 20 ग्रॅम पीठ, 20 ग्रॅम पाणी. याला खाऊ घालणं म्हणा. काढायचं कशाला, असं कुणीही विचारेल. न काढता याच प्रमाणात घालत गेलात तर 40 ग्रॅमचे दुसऱ्या दिवशी 120, तिसऱ्या दिवशी 360 आणि पाचव्या दिवशी सव्वातीन किलोच्या आसपास होतील! काढत गेलात तर साधारण पाव किलो पिठात आठवडा निघतो. पहिल्या चार-पाच दिवसांत काढलेलं खाऊ नका, खताच्या खड्ड्यात टाका. पुढे वास चांगला आंबूस झाला की काढलेल्यात बेसन, कांदा, मिरची घालून धिरडी करा. ती नीट भाजून खा.

तिसरा-चौथा दिवस शांत गेला तरी खाऊ घालणं सोडू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी पुन्हा बुडबुडे येतात. या वेळी वास ताकासारखा, पिकल्या फळासारखा असतो. उन्हाळ्यात चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ खाऊ घाला. थंडीत मात्र दहा-बारा दिवसही लागतात, तेव्हा बरणी चुलीपासून थोडी दूर, उबेला ठेवा. खाऊ घातल्यावर सहा-आठ तासांत खमीर दुप्पट वर येऊ लागलं आणि असं सलग तीन दिवस झालं, की ते पावाला तयार.

टाकायचं कधी, तेही ऐका. वर केसाळ बुरशी आली किंवा गुलाबी, नारिंगी रेघ दिसली, तर चव न घेता सगळं टाका. बरणी गरम पाण्याने धुऊन पुन्हा सुरुवात करा. वर नुसतं काळपट पाणी सुटलं किंवा नखाच्या पॉलिशसारखा वास आला, तर ते भुकेलं आहे. खाऊ घाला, सावरतं.

आणखी एक. ज्वारी, बाजरी, नाचणी आंबते, पण त्यांच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून वायू आत धरून राहत नाही. खमीर गव्हाचं करा. नाचणी पावाच्या पिठात थोडी मिसळा.

तयार खमीर फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवड्यातून एकदा खाऊ घातलं की पुरतं. फ्रिज नसेल तर थोडं खमीर ताटाला पातळ पसरून सावलीत कडकडीत वाळवा आणि चुरून डबीत ठेवा. महिनोन्महिने टिकतं. लागेल तेव्हा पाण्यात भिजवून दोन-तीन दिवस खाऊ घाला, जागं होतं. मैत्रिणीलाही त्यातलंच चिमूटभर द्या, विरजण देतो तसं.

दुसऱ्या खेपेला मी चौथ्या दिवशी बरणीला हात लावला तो फक्त खाऊ घालायला. सहाव्या दिवशी सकाळी रबर खाली राहिलं होतं आणि पीठ बरणीच्या गळ्याशी आलं होतं. ते पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "अगं, लागलं की तुझं विरजण!" आता मी बाहेरगावी गेले की त्याच खाऊ घालतात.

तेव्हा उद्या सकाळी दोन चमचे पीठ कालवा. आणि चौथ्या दिवशी माझी आठवण ठेवा.