पुस्तकं, पेला आणि गाणं

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये फालमथ नावाचं बंदराचं गाव आहे. तिथे ‘बिअरवुल्फ बुक्स’ म्हणजे पुस्तकाचं दुकान आणि बार, एकाच छपराखाली. नावात ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यावरची कोटी आहे, कोटीबाज मराठी माणसाला सहज आवडावी अशी.

पुस्तकांना पेल्याची जोड का? ब्रिटनमध्ये पुस्तक ठरल्या किमतीलाच विकायचं, असा करार जवळजवळ शतकभर चालला. 1995मध्ये तो कोलमडला. सुपरमार्केटं गाजलेली पुस्तकं स्वस्तात विकू लागली, आणि छोट्या दुकानदाराला दुसरी मिळकत शोधणं आलं.

पण रात्री गिऱ्हाइकानं घर सोडून यावं, तर तिथे काही घडायला हवं ना! इथे कायदा मदतीला आला. इंग्लंड-वेल्समध्ये 2012पासून, दारूचा परवाना असलेल्या जागी सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत, 200 श्रोत्यांपर्यंत गाण्या-वाजवण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. 2015मध्ये ही मर्यादा 500वर गेली. एवढी माणसं पुस्तकांच्या दुकानात मावणार कुठे, ते सोडा.

अशा दुकानांतला थाट साधाच. चाकांची कपाटं भिंतीकडे सारली की झाला रंगमंच. दाराशी एक कागद. ज्याला कविता वाचायची, त्यानं नाव लिहायचं. ऐन शेवटच्या ओळीला काउंटरवर ग्लास खणखणतो, वाचणारा थांबतो, हसतो आणि ती ओळ पुन्हा वाचतो.