थांबायचे नाही, विसरायचे नाही : सी भाषेतील कॉलबॅक आणि नेटवर्क
(अध्यक्षीय भाषण, पापडी, वसई)

सी भाषेत नेटवर्कवरून माहिती वाचण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सॉकेट उघडायचे, ‘रीड’ हे फंक्शन बोलवायचे आणि बसून राहायचे. पलीकडून बाइट आले की कर्नल प्रोग्रामला जागे करतो. तोपर्यंत प्रोग्राम झोपलेला असतो आणि प्रोसेसरचा वेळही खात नाही. या पद्धतीला ब्लॉकिंग म्हणतात आणि तिच्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. एक सर्व्हर आणि एक ग्राहक एवढाच मामला असेल, तर याहून सुबोध कोड लिहिता येत नाही. जे ज्या क्रमाने घडते, ते त्याच क्रमाने कागदावर दिसते. अडचण दुसऱ्या ग्राहकापासून सुरू होते. पहिला काही बोलत नाही म्हणून प्रोग्राम झोपलेला, आणि दुसरा दारात ताटकळत उभा.

यावरचा पहिला उपाय प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड. शंभर-दोनशे जोडण्यांपर्यंत तो उत्तम चालतो. लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा ८ एमबी पत्ते राखून ठेवले जातात. त्यातली बहुतेक जागा प्रत्यक्षात वापरली जात नाही हे खरे. पण हजारो थ्रेडांमधली अदलाबदल, आणि सामायिक माहितीभोवती घालावी लागणारी कुलपे, यांचा भार वाढतच जातो. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एकाच यंत्रावर एका वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे हा प्रश्न मांडला आणि पुढची काही वर्षे सर्व्हर लिहिणाऱ्यांची चर्चा त्याच आकड्याभोवती फिरली.

दुसरा उपाय जुना आहे. सॉकेटला नॉनब्लॉकिंग करायचे, म्हणजे वाचायला काही नसेल तर ‘रीड’ झोपत नाही. ‘आत्ता नाही, पुन्हा या’ अशा अर्थाची त्रुटी परत करते. पण सगळ्या सॉकेटांना आळीपाळीने विचारत राहिले तर प्रोसेसर निव्वळ विचारपूस करण्यात जळतो. म्हणून कर्नललाच सांगायचे : ही यादी घ्या, यातले कोणी तयार झाले की उठवा. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आलेले ‘सिलेक्ट’ हेच करते. त्याची यादी सामान्यतः १०२४ सॉकेटांवर संपते, आणि दर खेपेला ती पूर्ण तपासावी लागते. ‘पोल’ने मर्यादा काढली, पण तपासणी राहिली. फ्रीबीएसडीवर २००० मध्ये ‘केक्यू’ आणि लिनक्सवर दाविदे लिबेन्झी यांचे ‘ईपोल’ आल्यावर यादी कर्नलकडेच राहू लागली. परत येतात ती फक्त तयार झालेली सॉकेटे. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स २.६ बरोबर ईपोल सर्वांच्या हाती पडले. दहा हजार जोडण्यांपैकी वीसच बोलत असतील, तर काम वीसचेच पडते.

कॉलबॅक येतो तो इथे. कोणते सॉकेट तयार झाले हे कळल्यावर त्याचे पुढे काय करायचे हे प्रोग्रामला कुठूनतरी समजायला हवे. सीमध्ये फंक्शनचा पत्ता पॉइंटरमध्ये ठेवता येतो, तो दुसऱ्याला देता येतो. प्रमाण लायब्ररीतले ‘क्यूसॉर्ट’ वापरणाऱ्या प्रत्येकाने, तुलना करणारे फंक्शन देताना, नकळत कॉलबॅक लिहिलेला असतो. नेटवर्कमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट द्यावी लागते : ‘व्हॉइड’ पॉइंटर. पापडीच्या बाजारात शिंप्याकडे कापड टाकले की तो पावती देतो. पावतीवरच्या आकड्याचा अर्थ रस्त्यावरच्या माणसाला काही नाही, शिंप्याला मात्र त्यावरून कापड, माप आणि गिऱ्हाईक तिन्ही सापडतात. तयार सॉकेटांची वाट पाहत पुन्हापुन्हा फिरणारा प्रोग्रामचा भाग, म्हणजे इव्हेंट लूप, हा असाच पावती जपणारा आहे. पावतीमागे काय आहे ते त्याला ठाऊक नसते. सॉकेट तयार झाले की ठरलेले फंक्शन तो बोलावतो आणि पॉइंटर जसाच्या तसा हाती देतो. क्यूसॉर्टमध्ये ही सोय नाही, म्हणून तिथे लोकांना ग्लोबल व्हेरिएबलचा आसरा घ्यावा लागतो. निल्स प्रोव्होस यांचे लिबइव्हेंट, किंवा नोड-जेएसच्या पोटात असलेले लिबयूव्ही, यांची सगळी रचना या दोन पॉइंटरांवर उभी आहे.

कॉलबॅक का लागतात याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईत आहे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले आणि दलाल स्ट्रीटवरच्या आरडाओरड्याला पर्याय म्हणून उपग्रहामार्फत जोडलेले संगणक आले. दलालांना स्वतःचा प्रोग्राम बाजाराला जोडता यावा म्हणून एक्स्चेंजने जो प्रोटोकॉल प्रसिद्ध केला, त्यातले संदेश सरळ सी भाषेतल्या स्ट्रक्चरच्या रूपात दिलेले आहेत. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर व्यवहाराचा क्रमांक असतो. नवी ऑर्डर २०००. ती नोंदली गेल्याची पोच २०७३. नाकारली गेली तर २२३१. सौदा झाला तर २२२२. बाइटांचा क्रम इंटेल प्रोसेसरच्या उलटा, आणि वेळ मोजायची ती १ जानेवारी १९८० पासूनच्या सेकंदांत. युनिक्सची सवय असलेला नवखा प्रोग्रामर इथे दहा वर्षांनी चुकतो.

या क्रमांकांकडे नीट पाहिले तर बाजाराचा स्वभावच ब्लॉकिंगच्या विरुद्ध आहे हे दिसते. ऑर्डर पाठवल्यावर पोच लगेच येईल. पण सौदा क्षणात होईल, दुपारी साडेतीनपर्यंत कधीही होईल, तुकड्यातुकड्यांत होईल, किंवा होणारच नाही. उत्तराची वाट पाहत ‘रीड’वर झोपलेला प्रोग्राम दुसरी ऑर्डर घालू शकत नाही आणि पहिली रद्दही करू शकत नाही. म्हणून असे प्रोग्राम लिहिणारे व्यवहार-क्रमांकावरून फंक्शनचा पत्ता काढणारा तक्ता करतात : २०७३ आला की हे, २२२२ आला की ते. जो संदेश येईल त्याचा कॉलबॅक. पापडीहून वसई रोड स्टेशन गाठून रोज मुंबईला जाणाऱ्या अभियंत्यांपैकी जे बँका आणि दलाली पेढ्यांच्या प्रणाली सांभाळतात, त्यांना हा तक्ता ओळखीचा वाटेल.

यूपीआयचेही तेच. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये ती आणली, आणि तिच्या संदेशांची रचना मुळातच असिंक्रोनस ठेवली : विनंतीला तत्काळ मिळते ती फक्त पोच, खरे उत्तर नंतर स्वतंत्र संदेशाने येते. किराणा दुकानात फोनवर ‘प्रलंबित’ दिसते तेव्हा कुठेतरी एक कॉलबॅक यायचा राहिलेला असतो. टायमर हा कॉलबॅकचा जुळा भाऊ का, ते यावरून कळते. उत्तर आले नाही तर काय, याचे उत्तरही आधीच नोंदवून ठेवावे लागते.

आता खरी कठीण बाजू. टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे. संदेश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्याला माहीत नसते. पाठवणाऱ्याने एकदा लिहिलेले वाचणाऱ्याला तीन तुकड्यांत मिळू शकते, आणि तीनदा लिहिलेले एकदम. मराठी मजकुरात हे लगेच उघडे पडते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. ‘पापडी’ या शब्दात प, काना, प, ड आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. त्यातले सातच पहिल्या खेपेला आले तर ‘पा’ पुरा आणि दुसऱ्या ‘प’चा एक तृतीयांश हाती पडतो. कॉलबॅकने तेवढेच छापले तर पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हा दोष कित्येक महिने दिसत नाही, कारण तिथे अक्षर एका बाइटाचे. म्हणून कॉलबॅकने आलेले बाइट आधी बफरमध्ये साठवायचे, संदेश पूर्ण झाला का ते पाहायचे, झाला असेल तेवढाच उचलायचा आणि उरलेले पुढच्या खेपेसाठी ठेवायचे.

ठेवायचे, पण कुठे? ब्लॉकिंग प्रोग्राममध्ये आपण कुठवर आलो हे कोणी मुद्दाम लिहून ठेवत नाही. लोकल व्हेरिएबल्स आणि कोडची पुढची ओळ स्टॅकवर आपोआप राहते. कॉलबॅक परतला की त्याचा स्टॅक गेला. पुढच्या वेळी लूप त्याला बोलावतो तेव्हा त्याला मागचे काहीच आठवत नाही. अर्धा आलेला शब्द, किती बाइट बाकी, कोणत्या पायरीवर आहोत, हे सगळे हीपवरच्या स्ट्रक्चरमध्ये घालावे लागते आणि त्या स्ट्रक्चरचा पत्ता त्या व्हॉइड पॉइंटरमधून फिरत राहतो. कॉलबॅक पद्धतीची खरी किंमत ही आहे. तिची चर्चा नेहमी वेगाच्या अंगाने होते. प्रत्यक्षात प्रोग्रामरचे दिवस जातात ते या मेमरीचा मालक कोण आणि ती कधी मोकळी करायची, या प्रश्नावर.

लोकल बफरचा पत्ता लूपकडे देऊन परत येणे ही पहिल्या आठवड्यातली चूक. ती लवकर सापडते. त्यानंतरच्या चुका अधिक कपटी. ईपोल एका खेपेला समजा वीस घटनांची यादी देतो. तिसऱ्या घटनेच्या कॉलबॅकने काही कारणाने दुसरी जोडणी बंद केली आणि तिचे स्ट्रक्चर मोकळे केले. पण त्याच जोडणीची घटना यादीत अकराव्या जागी आधीच येऊन बसलेली आहे. लूप तिथे पोचतो आणि मोकळ्या केलेल्या मेमरीला हात घालतो. पत्त्याऐवजी सॉकेटचा क्रमांक ठेवला तरी सुटका नाही, कारण कर्नल नव्या जोडणीला सर्वांत लहान रिकामा क्रमांक देतो. दरम्यान नवा ग्राहक आला असेल तर मृत जोडणीची घटना त्याच्या नावावर पडते. असे दोष चाचणीत क्वचित दिसतात आणि गर्दीच्या वेळी हमखास. उपाय साधा आहे, पण शिस्तीचा : बंद करताना फक्त खूण करायची आणि स्ट्रक्चर मोकळे करायचे ते यादी संपल्यावर. लिबयूव्हीने हीच शिस्त नियमात बसवली आहे. तिथे बंद करणे हेही असिंक्रोनस असते, त्याचा वेगळा कॉलबॅक येतो, आणि तो येईपर्यंत मेमरीला हात लावायचा नाही. नवख्यांना हा नियम जाचक वाटतो. तो जाचक आहे, आणि योग्य आहे.

लिहिण्याच्या बाजूकडे पाठ्यपुस्तके घाईने पाहतात. ‘राइट’ने दिलेले सगळे बाइट एका दमात जातीलच असे नाही, पलीकडचा सावकाश वाचत असेल तर कर्नलचा बफर भरतो आणि उरलेले आपल्या रांगेत ठेवावे लागतात. लिहायला जागा झाल्याची सूचना रांगेत काही असेल तेव्हाच मागायची, नाहीतर मोकळे सॉकेट लूपला सतत उठवत राहते. रांगेलाही मर्यादा हवी. एका सुस्त ग्राहकापायी सर्व्हरची मेमरी संपणे ही फार सामान्य दुर्घटना आहे.

शिवाय लूप एकच आणि थ्रेडही एकच. एका कॉलबॅकने अर्धा सेकंद गणित केले, तर दहा हजार ग्राहक अर्धा सेकंद थांबतात. काही फंक्शने दिसायला निरुपद्रवी असतात आणि आतून ब्लॉकिंग निघतात. नावावरून आयपी पत्ता शोधणारे ‘गेटॲड्रइन्फो’ त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध. डिस्कवरच्या साध्या फाइली ईपोल मुळात स्वीकारतच नाही. लिबयूव्ही ही दोन्ही कामे पडद्यामागच्या थ्रेडांकडे देते. ते मुळात चारच असतात, हे ज्यांना माहीत नसते त्यांचा सर्व्हर एका हळू डीएनएसमुळे गुदमरतो.

आतापर्यंतचे सारे ‘तयार आहे, या आणि वाचा’ या पद्धतीचे झाले. दुसरी पद्धत ‘वाचून ठेवले आहे, घ्या’ अशी. विंडोज एनटीमध्ये ती नव्वदच्या दशकापासून आहे. लिनक्सवर येन्स ॲक्स्बो यांचे ‘आयओ-युरिंग’ २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत आले. या पद्धतीत बफर आधीच कर्नलच्या स्वाधीन करायचा असतो आणि काम पूर्ण होईपर्यंत तो आपला नसतो. म्हणजे मालकीचा प्रश्न इथे आणखी कडक होतो.

गो, रस्ट, पायथन या भाषांनी कॉलबॅक झाकून टाकले आहेत. कोड पुन्हा वरून खाली वाचता येतो आणि रोजच्या कामाला तेच बरे. पण लिनक्सवर त्यांच्याही तळाशी बहुधा ईपोलच असते, आणि प्रलंबित काम रद्द करताना मालकीचा तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा राहतो. सी तो लपवत नाही. शिकण्यासाठी तिची निवड याच कारणाने करावी.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लिबइव्हेंट किंवा लिबयूव्ही उघडण्याआधी नुसत्या ‘पोल’वर एक गप्पांचा सर्व्हर स्वतः लिहावा. दोन-तीनशे ओळींत तो होतो. मग मोकळ्या केलेल्या मेमरीला लागलेला हात पकडणारा कंपायलरचा ॲड्रेस सॅनिटायझर चालू करावा, वाचण्याचा बफर एका बाइटाचा करावा, मराठीत संदेश पाठवावेत आणि अर्ध्या संदेशातच जोडण्या तोडून पाहाव्यात. इतके करूनही जो सर्व्हर बरोबर चालतो, तोच दुसऱ्यांच्या हाती द्यावा.