नळाच्या पाण्याची नोंदवही



ह्या व्यासपीठावर विद्वानांची परंपरा आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे रसायनशास्त्र कॉलेजात नव्हे, कारखान्यात झाले. तरीही पाण्यावर बोलण्याचे आम्ही कबूल केले. पगार आणि बोनस ह्यांच्या जोडीला उपनगरात राहणारा कामगार आता पाण्याची तक्रारही युनियनच्या कचेरीत घेऊन येतो, हे त्याचे कारण.

पुण्याच्या जुन्या पेठांना खडकवासल्याचे पाणी मिळते. ते पानशेत, वरसगाव, टेमघर येथे साठलेले पावसाचे पाणी, म्हणून मऊ. उपनगरांची गोष्ट निराळी. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. पण हद्द एका हुकुमाने वाढते, जलवाहिनी हुकुमाने लांबत नाही! ह्या पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांत नळातून येते ते बोअरचे किंवा टँकरचे पाणी. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. हेच जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात.

त्याची ओळख आमच्या भगिनींना अधिक आहे. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो. आता थोडा हिशेब करू. पाण्याचा जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल, तर २० लिटरच्या बादलीत १० ग्रॅम चुनखडीइतके क्षार असतात. अंगाचा किंवा कपड्यांचा साधा साबण घेतला, तर ते १० ग्रॅम क्षार सुमारे ६० ग्रॅम साबण खाऊन टाकतात आणि मगच फेस येतो. त्याच बादलीत ११ ग्रॅमच्या आसपास धुण्याचा सोडा आधी घालून पाणी थोडा वेळ निवळू दिले, तर बराचसा साबण वाचतो. माणशी १३५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घरात दररोज पाव किलोहून अधिक क्षार नळावाटे येतात. वर्षाला सव्वाशे किलोच्या घरात! त्यांतले काही पाणी उकळले की तळाशी बसतात. गिझरची कॉइल जळते ती त्यांच्याचमुळे.

म्हणजे जड पाणी खर्चात घालते, हे खरे. पण ते विष आहे काय? भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणासाठी जडपणाला मर्यादाच घातलेली नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. पांढरा थर डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळी भीती त्याच्या वाट्याला जाते. जे मारते ते दिसत नाही.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी लोकांना आवडत असे; त्याच पाण्याने कॉलरा पसरला, हे डॉ. जॉन स्नो ह्यांनी दाखवून दिले. इतक्या दूर तरी कशाला जावे? जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत, माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गियाँ-बारे हे त्या विकाराचे नाव. महिना संपण्यापूर्वी रुग्ण शंभरावर गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे गेले. त्या पाण्यात जंतू असतील, तर ते नळाच्या पांढऱ्या थरावरून कोणाला कळले असते?

यावर मध्यमवर्गाने उत्तर शोधले आहे: घरोघर आर. ओ. चे यंत्र. यंत्र वाईट नाही. पण एक पेला शुद्ध करताना ते बहुधा दोनतीन पेले मोरीत सोडते. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथे ते वापरू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली म्हटले. शिवाय ते ओट्यापुरते. मूल चूळ भरते ते न्हाणीघरातल्या नळाने, आणि भांडी विसळली जातात ती टाकीच्या पाण्याने. ज्याला यंत्र परवडत नाही त्याचे काय? एकेका कामगाराने मालकाकडे एकेकट्याने अर्ज करण्यासारखेच हे आहे. ज्याची ओळख आहे त्याचे काम होते. कारखान्याची स्थिती आहे तशीच राहते.

आता कारखान्यातलीच गोष्ट सांगतो. बॉयलरला जड पाणी चालत नाही. नळ्यांत खपली धरते, कोळसा जास्त लागतो, नळी फुटण्याची भीती असते. म्हणून बॉयलरचे पाणी मऊ करून घेतात, ते नेमाने तपासतात, आकडे वहीत लिहितात आणि खाली सही होते. लोखंडाच्या पाण्याला नोंदवही आहे, माणसाच्या पाण्याला नाही! आमचे सारे भाषण ह्या एका वाक्यात आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी पाण्याची वही असावी. टँकर कोठे भरला, केव्हा आला, हे तीत लिहावे. टाकी कधी धुतली ते लिहावे. रोज सकाळी टाकीपासून सर्वांत दूरच्या नळाचे पाणी घेऊन क्लोरीन तपासावे. थेंब टाकताच रंग येतो, शाळकरी पोरालाही ते जमते. तपासलेले पाणी मात्र ओतून द्यावे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाशी उरलेच पाहिजे. पहिल्या पावसानंतर पाणी प्रयोगशाळेत पाठवून ई-कोलाय जंतू, नायट्रेट आणि जडपणा तपासून घ्यावा. शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. संशय असेल तोवर पाणी उकळून प्यावे. आणि तीन महिन्यांची भरलेली वही हातात घेऊन सर्वांनी मिळून वॉर्ड ऑफिसात जावे. "पाणी घाण आहे" ह्या तक्रारीला आश्वासन मिळते. तारीखवार आकड्यांना उत्तर द्यावे लागते. युनियनमध्ये आम्ही हेच शिकलो.

ह्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे आहे, हा हक्क त्यांनी मिळवून दिला. ते पाणी कसे आहे हे जाणण्याचा हक्क मिळवणे आपल्याकडे राहिले आहे, आणि त्याची सुरुवात एका साध्या वहीपासून होते.