कानपूरची कावीळ आणि रक्तातील स्मृती



१९९१ सालच्या आरंभी कानपूर शहरात काविळीची मोठी साथ पसरली होती. बाधितांची संख्या ७९,००० च्या घरात असावी, असा अंदाज पुढे मांडला गेला. तेथून सुमारे ८० किलोमीटरांवर असलेल्या लखनौतील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी या साथीचा अभ्यास केला. नदीचे पाणी मिळणाऱ्या वस्त्यांत रोग अधिक आणि कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्या वस्त्यांत कमी, हे त्यातून दिसून आले. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या त्या लेखावर नाईक, अगरवाल, साळुंके आणि मेहरोत्रा अशी नावे आहेत. त्यांतील पहिले आणि तिसरे आडनाव मराठी वाचकाला परके वाटू नये.

तो रोग होता हिपॅटायटिस ई. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा रोग झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. म्हणूनच एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एकदा कावीळ होऊन गेलेल्या शरीराला तो विषाणू किती वर्षे आठवतो? काश्मीरमधील १९७८ च्या साथीतून बऱ्या झालेल्यांचे रक्त १४ वर्षांनी तपासले, तेव्हा प्रतिपिंडे ४७ टक्के लोकांतच सापडली. मग उरलेले असुरक्षित समजायचे काय?

तसे म्हणता येत नाही. शरीराची स्मृती प्रतिपिंडांबरोबर टी-पेशींतही जपलेली असते. २००३ च्या सार्समधून वाचलेल्यांत अशा पेशी १७ वर्षांनंतरही आढळल्या. अडचण असते ती त्या शोधण्याची, कारण रक्तातील असंख्य टी-पेशींत नेमक्या एका विषाणूला ओळखणाऱ्या पेशी मोजक्याच असतात. शिवाय टी-पेशी अखंड विषाणूला ओळखत नाही. आपल्याच पेशीच्या पृष्ठभागावरील एचएलए नावाचे प्रथिन विषाणूचा लहानसा तुकडा धरून दाखवते, आणि ती जोडीच टी-पेशीला कळते. हे तत्त्व डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ साली मांडले.

या जोडीची प्रतिकृती प्रयोगशाळेत करता येते. एचएलएचे जनुक जिवाणूंत घालून प्रथिन बनवून घेतात. ते गोळा होऊन बसते, म्हणून आधी विरघळवतात आणि मग विषाणूच्या तुकड्याच्या सोबतीने थंड द्रावणात सावकाश घडी बसू देतात. कामाचा सर्वांत नाजूक आणि वेळखाऊ भाग हाच. परंतु एकटी जोडी टी-पेशीला धरते आणि क्षणात सुटते. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये आल्टमन, डेव्हिस, मॅकमायकेल आणि सहकाऱ्यांनी अशा चार जोड्या एका मध्यवर्ती प्रथिनावर बांधून, त्यांना चकाकणारा रंग लावून ही अडचण दूर केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात डोहर्टी-झिंकरनागेल यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला. या रचनेला टेट्रामर म्हणतात. मराठीत ‘चतुष्क’ म्हणायला हरकत नसावी. चारही हातांनी धरलेली टी-पेशी सुटत नाही, यंत्रात चमकते आणि मोजली जाते.

लखनौच्या त्याच संस्थेतून २००७ साली हिपॅटायटिस ई आणि टी-पेशी यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाले. विषाणूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे रुग्णांच्या रक्तपेशींना देऊन कोणत्या तुकड्यांना त्या प्रतिसाद देतात, हे त्यांत पाहिले होते. चतुष्क बनवायचे तर पहिली गरज अशाच माहितीची. कोणता तुकडा बसवायचा हे ठाऊक नसेल तर पुढची सारी खटपट वाया जाते.

दुसरी गरज आहे योग्य एचएलएची, आणि खरी मेख तेथेच आहे. हे प्रथिन माणसागणिक बदलते. जगात सर्वाधिक वापरात असलेली चतुष्के एचएलए-ए ०२:०१ या प्रकाराची आहेत, कारण युरोपीय वंशाच्या लोकांत तो विपुल आहे. भारतीयांत ०२:११ सारखे वेगळे उपप्रकार लक्षणीय प्रमाणात आढळतात. तयार मिळणारे चतुष्क कानपूरच्या रुग्णाच्या रक्तात काहीच दाखवणार नाही, असे होऊ शकते; आणि तेवढ्यावरून त्याच्यात प्रतिकारशक्ती नाही, असा निष्कर्ष काढणे सरळ चूक ठरेल. परक्या मापाने घेतलेली मोजणी अचूक दिसते, हाच तिचा धोका.

कानपूरच्या साथीच्या वेळी विशीत असलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्या रक्ताला हा प्रश्न अजूनही विचारता येण्याजोगा आहे.