भाजलेला रंग, फासलेला रंग



आज येताना मी एक बाहुली बरोबर आणली आहे. मुंबईतल्या एका जुन्या बाजारात ती घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, ‘ताई, शंभर वर्षांची आहे, पण चेहऱ्यावर एक ओरखडा दाखवा!’ वय त्याने खरं सांगितलं होतं. ओरखडा का नाही, हे मला चार वर्षांनी कळलं.

हिचं डोकं बिस्कचं आहे, म्हणजे झिलई न दिलेल्या चिनी मातीचं. जर्मनीच्या थुरिंगियातली झोनेबर्ग आणि वाल्टर्सहाउझेन ही गावं म्हणजे बाहुल्यांचे कुंभारवाडेच. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, डोकं हजार अंशांहून जास्त उष्णतेत भाजायचं, मग गाल, ओठ, भुवया रंगवून पुन्हा कमी आचेवर भाजायचं. असा रंग मातीशी एकजीव होतो. पुढे डोक्याला तडा गेला, तर ते पुन्हा भट्टीत घालण्याचा धोका सहसा कोणी पत्करत नाही. दुरुस्ती करणारा तडा लुकणाने भरतो आणि वरून फवाऱ्याने रंग मारतो. अस्सल आणि डागडुजी केलेली यांतला फरक इथेच आहे: एक रंग भाजलेला, दुसरा फासलेला.

फासलेला रंग ओळखायचा कसा? आधी बोट फिरवा. बिस्क हाताला गार लागतं, किंचित खरखरीत असतं. फासलेला भाग गुळगुळीत आणि जरा कोमट वाटतो. मग भिंग घ्या. अस्सल गालावर भट्टीतले बारीक काळे ठिपके पुष्कळदा सापडतात. ते दोष नव्हेत, जन्मखुणा आहेत. रंगाच्या फवाऱ्याखाली त्या आधी झाकल्या जातात, म्हणून फार नितळ गाल दिसला की मी सावध होते.

त्यानंतर केसांचा टोप काढा. खाली जर्मन बाहुलीला बहुधा पुठ्ठ्याचं झाकण असतं, फ्रेंच बाहुलीला बुचाचं. ते उचलून आत छोटा दिवा धरा. खोली अंधारी असू द्या. चांगलं बिस्क आतून उजळतं आणि केसाएवढा तडाही काळ्या रेघेसारखा दिसतो. मी चार वर्षांनी असाच दिवा धरला, तेव्हा हिच्या डाव्या कपाळापासून कानापर्यंत ती रेघ उमटली. नोटा तपासायचा अतिनील दिवाही कामी येतो. त्याखाली लुकण आणि नवा रंग भोवतीच्या मातीहून वेगळे चमकतात. अलीकडचे काही रंग त्यालाही चकवतात, म्हणून एकाच कसोटीवर विसंबू नका.

आता मानेमागचा शिक्का. हिच्यावर ‘ए एम ३९०’ आहे. आर्मांड मार्सेय यांच्या कारखान्याचा हा साचा, आणि अशी डोकी अमाप निघाली. शेजारी ‘जर्मनी’ असंही कोरलेलं आहे. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे असा शिक्का साधारण १८९१ नंतरचा धरतात. पण शिक्का फक्त डोक्याविषयी बोलतो, धडाविषयी नाही. एकीचं डोकं दुसरीच्या धडावर बसवलेलं पुष्कळदा आढळतं. म्हणून भुसा आणि सरसाच्या लगद्याचे हातपाय निराळे तपासा. बोटांची टोकं आणि सांधे झिजलेले हवेत. सगळे अवयव सारखेच चकचकीत असतील, तर रंग नवा आहे.

मात्र प्रत्येक बदल म्हणजे लबाडी नव्हे. हातपाय धरून ठेवणारं आतलं रबर कुजतंच, ते बदलावंच लागतं. पटवेकऱ्याकडून पोत पुन्हा गाठवून घेतली म्हणून मणी खोटे ठरत नाहीत. तडा भरणंही गुन्हा नाही. दुरुस्ती करणाऱ्या हातांमुळेच कितीतरी बाहुल्या फुटून जायच्या वाचल्या. दुरुस्ती लपवून अस्सलचा भाव घेणं, ही फसवणूक.

म्हणून मी हिच्या कमरेला ही चिठ्ठी बांधली आहे: ‘डोकं जर्मन. डाव्या कपाळापासून कानापर्यंत तडा, भरलेला. त्यावरचा रंग नंतरचा. रबर मी बदललं.’ तुमच्या घरी जुनं काही असेल, तर आज रात्री एवढंच करा. जे ठाऊक आहे ते लिहून त्याला बांधून ठेवा. उद्या ती वस्तू ज्याच्या हाती पडेल, त्याला चार वर्षं थांबावं लागू नये.