सुई, कंबर आणि पन्नास किलोचे पोते

(शाखा प्रतिनिधींच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



‘ॲक्युपंक्चरवाल्याकडे जावे की नाही?’ हा प्रश्न आमच्याकडे निरनिराळ्या शाखांतून येतो. विचारणारे बहुधा हमाल, मागावरचे कामगार, बसचालक आणि दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या भगिनी असतात. कंबर, मान, गुडघे धरलेले असतात. गोळ्या खाऊन पोट बिघडलेले असते. आणि कोणीतरी सांगितलेले असते की सुयांनी बरे वाटते. हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नये असे आमचे मत आहे.

ही विद्या चीनची. आपल्याकडे ती आणण्याचे श्रेय कलकत्त्याच्या डॉ. विजयकुमार बसू यांना जाते. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि हे बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. (ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, सुयांच्या दवाखान्यावर त्यांचे नाव दिसते ते स्मृती म्हणून.) बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले आणि हा उपचार शिकून आले. गोरगरिबांना परवडेल असा उपचार म्हणून तो बंगालमध्ये रुजला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये त्याचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे. तेव्हा सुई टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००७ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी सुयांच्या गटात सुमारे ४८ टक्के लोकांना आराम होता, नेहमीच्या उपचारांच्या गटात २७ टक्के. पण तिसऱ्या गटाला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या होत्या, आणि त्यांतही ४४ टक्क्यांना आराम पडला! म्हणजे आराम खरा. नेमक्या बिंदूंची महती मात्र सिद्ध झाली नाही. रुग्णाला झोपवून कोणी अर्धा तास त्याच्याकडे लक्ष देतो, यातही औषध असावे.

तेव्हा जायचे तर जा. सुई नवी, एकदाच वापरायची, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी. नाहीतर कावीळ आणि एचआयव्ही घरी आणाल. पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप किंवा वजन घटणे सोबत असेल तर सुया नकोत, थेट इस्पितळ. सिलिकोसिसला सुई उतारा नाही, कोणी कितीही सांगो. आणि ईएसआयचा आजारपणाचा लाभ त्यांच्याच डॉक्टरच्या दाखल्यावर मिळतो, खाजगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर नाही.

आता ‘समग्र आरोग्य’ या शब्दाविषयी. हल्ली व्यवस्थापनाला तो फार आवडू लागला आहे. एका कारखान्यात उत्पादनाचा कोटा वाढवला आणि त्याच महिन्यात तणावमुक्तीचे शिबिर ठेवले. श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, आणि परत मशीनवर. जुना चिनी वैद्य नाडी आणि जीभ पाहतो, शिवाय झोप, भूक आणि कामही विचारतो. माणूस समग्र पाहायचा तर त्याच्या पाठीवरचे पोते वगळून कसे चालेल? साखरेचे पोते पूर्वी शंभर किलोचे असे, ते पन्नासवर आले. त्याने जेवढ्या कंबरा वाचल्या तेवढ्या कोणत्याही सुईने वाचल्या नसतील.

कायद्याची बाजूही समजून घ्या. व्यावसायिक रोगांची यादी १९४८ च्या कारखाना कायद्यात होती, २०२० च्या संहितेतही आहे. सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आहे. कंबरदुखी नाही. त्यामुळे ज्याची पाठ वीस वर्षांत झिजली त्याला ‘वय झाले’ म्हणून वाटेला लावता येते, उपचार त्याने पदरच्या पैशाने करायचा.

यादी बदलून घ्यायची तर पुरावा लागेल, आणि तो कारखान्यातच आहे. शाखांसाठी वह्या आणल्या आहेत. कोणाला कुठे दुखते, कोणत्या मशीनवर, किती वर्षे, किती वजन, बसायला स्टूल आहे की नाही, एवढेच लिहायचे आहे. नाव नको, खाते पुरे. एक महिन्याने वह्या आमच्याकडे द्या. पुढच्या मागणीपत्राचा मसुदा त्यांवरूनच करायचा आहे.